जावेचे ताट

पोशेरा गावातल्या त्या घरात पुरुष आधी जेवत. बाया मागाहून, उरेल ते. हे कोणी ठरवले ते कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्याला रीत म्हणत. माघी ही थोरली सून; होळीपासून ती त्या उरलेल्यातलेही सोडू लागली होती. ठाण्याला वॉचमन असलेला तिचा नवरा कमलेश होळीला येऊन बोलून गेला होता, "मीना बघ कशी सडसडीत! नि तू निस्ता भोपळा. दिवाळीपर्यंत उतर, नायतर दुसरी आणीन."

मीना म्हणजे धाकटी जाऊ. पाणी, लाकडे, भाताचे भारे, सारे तिच्या डोक्यावर. तरी तिचा बांधा माघीच्या डोळ्यांत सले. वाढप माघीच्या हाती होते. तिने सूडही वाढपानेच घेतला. स्वतःच्या वाटणीची नागलीची भाकर, उडदाची आमटी ती मीनाच्या ताटात ढकलू लागली. जावेने फुगावे, एवढेच तिचे देवाकडे मागणे.

"जाऊबाय, एवढा नको गं!"

"खा मुकाट. माझी आण हाय."

माघी पाच किलो उतरली, मग काटा अडून बसला. भरउन्हात तिला थंडी वाजू लागली. गणपतीत आठवडाभर चार घास पोटात गेले, तसे उतरलेले परतू लागले. मीना मात्र दुप्पट खाऊन तशीच. उलट दंड भरले, चेहऱ्यावर तकाकी आली. माघीचा जळफळाट वाढला.

भातकापणीत ती बांधावर कोसळली. मीनाने तिला आरोग्य उपकेंद्रात नेले. तिथल्या नर्स प्रतिक्षाताईंना माघीने आपला आजार सांगितलाच नाही. मीनाकडे बोट दाखवले. "ती एवढा खाते, तरी फुगत का नाय?"

"अगं, अंगाच्या कणाकणात बारक्या चुली असतात. अन्नातून ताकद त्या काढतात. उपाशी राहिलीस की शरीर आच मंद करतं, मांसही झिजवतं. आणि चुली जास्त असतात त्या मांसातच. मग चार घास पडले की जळायचं कमी, साठायचं जास्त. हिच्या चुली धगधगतायत. अंगाला काम आहे, आणि पोटभर वाढणारं कोणीतरी आहे."

मीना हसली. "जाऊबायच वाढते. लय जीव लावते."

माघीची मान खाली गेली. आठ महिने पोसलेल्या मत्सराचा पत्ताच चुकला होता. हेवा करायचाच, तर तो पहिल्या पंगतीचा करायला हवा होता.

दिवाळीला कमलेश जेवायला बसला, तशी माघीने शेजारी आणखी दोन ताटे मांडली, मीनाला ओढून बसवले आणि स्वतः बसली. सासू सोमी किंचाळली, "आधी बाप्यांना जेवू दे गं!"

"उतरली नाय ती नाय, वर पंगतीला बसते?" कमलेश गुरकावला. "आणू का दुसरी?"

"आण," माघी म्हणाली. "तिचाबी ताट इथंच मांडीन."

आणि तिने घास उचलला.

माघीचे वजन पुढे उतरले का, असे विचारणाऱ्या वाचकाने आधी आत जाऊन पाहावे: आज त्याच्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवले, आणि काय उरले होते.