आठ आठवड्यांच्या प्लेटा

ताईंची लेक वसतिगृहातून घरी यायची एक शनिवार आड, आणि नेमक्या त्याच शनिवारी ताई प्रयोगशाळेत प्लेटा ओतत असायच्या. जिवाणू वाढवायचं पोषक माध्यम शिजवायचं, चपट्या प्लेटांत ओतायचं, थिजलं की प्लेटा उलट्या करून फ्रिजमध्ये ठेवायच्या. आयुष्य दोन आठवडे, उरलेल्या फेकायच्या. हा दोन आठवड्यांचा नियम कुणी केला, देव जाणे.

घट्ट पिशवीत बांधल्या तर प्लेटा आठ आठवडे टिकतील, असं ताईंचं म्हणणं होतं. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, सिद्ध करा. मग दर आठवड्याला एक जुनी प्लेट, जोडीला एक ताजी. दोन्हींवर एकाच नळीतले जिवाणू सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी उगवलेले ठिपके मोजायचे. सात आठवडे जुनी ताजीच्या बरोबरीनं चालली.

आठव्या आठवड्यात ऐंशीच्या जागी ठिपके उगवले अकरा. साहेबांनी वहीत ‘नापास’ लिहायला पेन उघडलं. ताईंनी वहीतले आकडे पुन्हा पाहिले. आणि मग आठवलं, या खेपेला ताजी प्लेट त्यांनी लावलीच नव्हती. सात वेळा ठीक आलंय, उगाच चांगली प्लेट वाया कशाला घालवा, असा काटकसरीचा विचार. स्वतःचाच नियम, स्वतःच मोडलेला.

लाज गिळून त्यांनी ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी पेन मिटलं आणि त्याच नळीतले जिवाणू स्वतःच्या हातानं ताज्या प्लेटवर सोडले. उगवले नऊ. नळीतले जिवाणूच जुने, अर्धमेले झाले होते. नवी नळी काढून त्यांनी दोन्ही प्लेटा पुन्हा लावल्या. जुनीवर ब्याऐंशी, ताजीवर पंचाऐंशी.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” जुन्या नळीकडे बघत साहेब म्हणाले आणि त्यांनी आठ आठवड्यांच्या मुदतीवर सही केली. ताईंना इतका आनंद झाला की नवी लेबलं त्यांनी दोनदा लिहिली.

पुढच्या शनिवारी लेक अकरापर्यंत झोपली. ताईंनी उठवलं नाही. कपभर चहा घेऊन तिच्या उशाशी बसून राहिल्या.

“आई, आज गेली नाहीस?” लेकीनं डोळे चोळत विचारलं.

“नाही. तुझ्या पुढच्या दोन खेपांनाही मी घरीच.”

लेक भिंतीकडे सरकली आणि पांघरुणाचं टोक उचलून तिनं आईला जागा करून दिली.