बिनतारेचा बोळा

दादाचा फोन आला तेव्हा धाकट्याने तो लगेच उचलला नाही. सहा वर्षं या फोनची वाट पाहिली होती, आता दादाने अर्धा मिनिट वाट पाहिली तर काही बिघडत नव्हतं.

"एक ट्रक आहे," दादा म्हणाला. "मागच्या उजव्या चाकाच्या ब्रेकचे लायनर बदलले, चेंबर बदललं, हवेचा नवा पाइपही मीच बसवला. तरी ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. तीनदा परत आली. ट्रकच्या मालकीणबाई म्हणतात, धाकट्याला बोलवा, नाहीतर दहाच्या दहा गाड्या दुसरीकडे नेते."

"हे त्या म्हणतात. तू काय म्हणतोस?"

 पलीकडून नुसतं, "ये."

"येतो. पण पान्याला हात लावणार नाही. मी सांगेन, तू करायचंस. सगळ्यांसमोर."

गॅरेज दोघा भावांनी मिळून उभं केलं होतं. सहा वर्षांपूर्वी तिथून निघालेला एक ट्रक उतारावर थांबलाच नाही. भिंतीत घुसला आणि ड्रायव्हरचा उजवा पाय दबला. ड्रायव्हरला सगळे पैलवान म्हणायचे. तो तसा होताही, त्या दिवसापर्यंत. ब्रेकचा पाइप उघडला तर आतून फडक्याचा बोळा निघाला. पाइप सोडला की तोंडात बोळा कोंबायचा, म्हणजे आत धूळ जात नाही. हे सगळेच करतात. पण धाकट्याची एक रीत होती. तो बोळ्याला लांब तार बांधायचा आणि तारेचं दुसरं टोक स्टिअरिंगला गुंडाळायचा. तार सोडल्याशिवाय गाडी वळवणंच शक्य नसे, मग बोळा विसरणार कोण? लोक हसायचे त्याला. पैलवान तर म्हणायचा, "धाकट्या, बायको आली की तिलाही अशीच तार बांधशील का रे?"

पाइपातून निघालेल्या बोळ्याला तार नव्हती. तो पाइप दादाने बसवला होता, हे दोघा भावांना माहीत होतं. तरी दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "यावेळी तार बांधायला विसरलास." आणि आई? आईने धाकट्याला आत बोलावून सांगितलं, "त्याला दोन मुली आहेत. तू एकटा आहेस. गप्प बस." तेव्हा धाकट्याचं लग्नही ठरत होतं. ते अर्थातच मोडलं. पैलवानाने तेव्हापासून त्याला एकदाही हाक मारली नाही. रस्त्यात दिसला की पाय ओढत दुसऱ्या बाजूला जायचा. दादाने केलं त्यापेक्षा हे धाकट्याच्या जास्त जिव्हारी लागलं होतं. त्याला नाव परत हवं होतं, आणि ते पैलवानाच्या तोंडून.

सकाळी दहाला तो गॅरेजात पोचला. मालकीणबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, सातआठ मेकॅनिक हाताची घडी घालून उभे. पैलवान ट्रकमध्येच होता. पाय अधू झाल्यापासून दादाने त्याला अंगणातल्या गाड्या पुढेमागे करायला ठेवलं होतं. त्याने धाकट्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

धाकटा एका उलट्या डब्यावर बसला. "ब्रेक मारा. सोडा."

डाव्या चाकाच्या चेंबरमधली ब्रेक दाबणारी दांडी झटकन बाहेर आली, झटकन आत गेली. उजवी उशिरा हलली, आणि पाय सोडल्यावर हवा कण्हत कण्हत सुटली. बस. तेवढ्यावरून त्याला कळलं. हवा पोचतच नव्हती नीट, मग चेंबर बदला नाहीतर आख्खं चाक बदला, काय होणार? पाइपात काहीतरी होतं. काय होतं, हेही त्याला कळलं. तोच गुन्हा, तोच माणूस.

दहा मिनिटांचं काम होतं. पण दहा मिनिटांत संपवायला तो सहा वर्षं झुरला नव्हता.

"सुरुवातीपासून बघावं लागेल," तो शांतपणे म्हणाला. "चाक काढ."

दादाने चाक काढलं. ड्रम काढला. "लायनर मोज. वरून, खालून." मोजले. "परत मोज." परत मोजले. दादाचं पोट आता सुटलं होतं. गाडीखाली सरपटताना त्याला धाप लागत होती, चष्म्याला ग्रीस लागलं होतं. धाकट्याने चहा मागवला आणि फुंकर मारत प्यायला. एक जुना मेकॅनिक पुटपुटला, "बास कर रे, भाऊ आहे तुझा." धाकटा म्हणाला, "भाऊ आहे म्हणून तर शिकवतोय."

दुपारी जेवणानंतर दादाने सगळं पुन्हा बसवलं. "झालं असेल," तो आशेने म्हणाला. केवढी लाचारी होती त्या आवाजात! धाकट्याला गारेगार वाटलं.

"चालवून बघू," तो म्हणाला. "पैलवानाला सांग, उतारावरून फाटकापर्यंत जाऊन ये. जरा वेगात."

ट्रक निघाला. उताराच्या मध्यावर पैलवानाने ब्रेक मारला आणि गाडीने डावीकडे असा झोका घेतला की मालकीणबाई किंचाळल्या. भिंतीपासून हातभर अंतरावर ट्रक थांबला. पैलवान खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. धाकटा डब्यावरून अर्धवट उठला. मग त्याने दादाच्या घामेजल्या तोंडाकडे पाहिलं आणि तो परत बसला.

"अजून आहे," तो म्हणाला. "चेंबर सोड."

चार वाजेपर्यंत त्याने दादाला नाचवलं. शेवटी मालकीणबाई घड्याळ बघू लागल्या तेव्हा तो उठला, गाडीजवळ गेला आणि बोट दाखवलं. "हा पाइप. इथल्या वळणावर. तुझ्या हाताने काढ."

दादाने नट सोडला, आत वाकवलेली तार घातली आणि ओढली. काळपट ओला बोळा त्याच्या तळहातावर पडला.

मेकॅनिक बघायला पुढे सरकले.

"याची तार कुठाय?" धाकट्याने विचारलं.

दादाने बोळा मुठीत झाकला.

"मी विचारलं, तार कुठाय?"

"नाहीये."

"आणि सहा वर्षांपूर्वीच्या बोळ्याची?"

"धाकट्या, माणसं आहेत..."

"तेव्हाही होती."

दादाचे खांदे पडले. "तोही माझाच होता," तो म्हणाला. "तुझा नव्हता."

"मोठ्याने. पैलवानाला ऐकू जाऊ दे."

"माझा होता!" दादा ओरडला आणि तिथेच चिखलात मटकन बसला. "पैलवाना, माझा होता. मी खोटं बोललो."

धाकट्याच्या अंगातून असं काही सुख सळसळत गेलं की त्याला बसवेना, उभं राहवेना. तोंडाला आवर राहिला नाही. "सकाळी पहिल्याच ब्रेकला ओळखलं होतं मी! हवेच्या आवाजावरून. आणि तू दिवसभर घासत बसलास, एवढा मोठा मिस्त्री!"

तो हसला. बरोबर कुणीतरी हसेल असं त्याला वाटलं होतं. कुणी हसलं नाही.

पैलवान पाय ओढत त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने धाकट्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"धाकट्या," त्याने हाक मारली.

"बोल ना, पैलवान."

"सकाळीच कळलं होतं तुला?"

"पहिल्याच ब्रेकला."

"मग दुपारी मला उतारावर का धाडलंस?"

धाकट्याची नजर दादाकडे गेली.

पैलवानाने चिखलात बसलेल्या दादाकडे बोट केलं. "त्या दिवशी तुझ्या भावाने मला गाडीत बसवलं तेव्हा आत बोळा आहे हे त्याला माहीत नव्हतं," तो म्हणाला. मग त्याने खिशातून ट्रकची किल्ली काढली, धाकट्याच्या तळहातावर ठेवली, त्याची बोटं एकेक करून मिटली आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने पाय ओढत घरी गेला.