पिवळी पट्टी कुठे गेली?

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. नुसती जुनी असते तर काही बिघडले नसते. पण हल्ली माझे डोके कुठे आणि पाय कुठे, हेच मला कळेनासे झाले आहे. जिला स्वतःचे डोके सापडत नाही तिने दुसऱ्यांना कसली हकिकत सांगायची, असे कोणी विचारीलही. तरी सांगते, कारण जे झाले ते अर्धे माझ्या अंगावरच झाले.

माझा जन्म एका विणकराच्या मागावर झाला. विणकराची बायको भारी काटकसरी. इतर कामांतून उरलेले सूत तिने साठवून ठेवले होते, त्यातून मी विणली गेले. म्हणून माझ्या अंगावर एक पट्टा निळा, एक तांबडा, एक हिरवा असे चालले आहे. शेवटी थोडे पिवळे सूत उरले.

"कडेला पिवळा पट्टा बरा नाही दिसणार," विणकर म्हणाला.

"मग तुम्ही त्याच्यावर बसू नका," ती म्हणाली.

तो पट्टा आला तो असा.

तिथून मी गाणे शिकवणाऱ्या एका मास्तरांकडे गेले. ते दिवस माझ्या सुखाचे. शिष्य मांडी घालून बसत आणि मास्तर सारखे बजावत, "पट्टी सोडू नकोस. तुझी पट्टी वेगळी, त्याची वेगळी." पट्टी म्हणजे आवाज किती उंच किंवा खाली लावायचा ते, एवढे मला ऐकून ऐकून समजले. त्या ज्ञानाचा मला गर्वही होता. पुढे त्याच ज्ञानाने माझा घात केला.

मास्तरांच्या मुलीने बालवाडी काढली आणि ती मला तिथे घेऊन गेली. तिला सगळे थोरल्या बाई म्हणत. त्या रोज सकाळी हाक द्यायच्या, "चला रे, आपापल्या पट्टीवर." मुले धावत येऊन माझ्यावर बसायची आणि गाणे सुरू व्हायचे. मला वाटे, मास्तरांचीच लेक ती, सुराबद्दलच बोलत असणार. प्रत्यक्षात एकही पोर कुठल्याच पट्टीत गात नसे. एकाचा आवाज आढ्याला, तर दुसऱ्याचा कपबशीत. तरी बाई समाधानाने मान डोलवायच्या. काहीतरी चुकते आहे हे मला जाणवायचे, पण सतरंजीला विचारतो कोण?

मग बाईंचे गुडघे धरले आणि त्या लेकीकडे राहायला गेल्या. सुट्टीत मला धुतले, गुंडाळले आणि कोपऱ्यात उभे केले. उंदराने माझे एक टोक चाखून पाहिले. आवडले नसावे, कारण तो परत आला नाही. इतकी वर्षे सगळ्यांना अंगावर बसवून घेतलेल्या माझ्यासारखीला उंदरानेही नाकारावे, याचे मला वाईट वाटले.

शाळा उघडायच्या आधी वर्गात एक मोठे लोखंडी कपाट आले. झाडलोट करणाऱ्या मावशी नव्या होत्या. त्यांनी मला सोडवले आणि जसे जमले तसे पसरले. माझे डोके नेहमी खिडकीकडे असे, ते दाराकडे आले. माझी एक कड कपाटाखाली गेली. हमालांनी कपाट ठेवताना मला विचारले नाही, आणि तेव्हापासून माझी दिशाभूल झाली ती झालीच.

त्यातच नवीन ताई आली. मी माणसे पायांवरून ओळखते. तिचे पाय कोवळे होते, आणि एका जागी क्षणभरही ठरत नव्हते. वर्ग सांभाळायची तिची ही पहिलीच वेळ, हे सांगायला कोणी नको होते. ती म्हणाली, "मुलांनो, छान गोल करून बसा." मुले गोल बसली नाहीत. काही निळ्यावर दाटीवाटीने बसली, काही तांबड्यावर, आणि हिरव्यावरच्यांची तोंडे भिंतीकडे झाली. ताईने एकाला उचलून शेजारी बसवले. तो सरपटत परत होता तिथे गेला. ताईला वाटले, पोरे ऐकत नाहीत. मला वाटले, यांना झालेय तरी काय?

सगळ्यांत जास्त गोंधळ मुंगीचा. मुंगी ही एक इवलीशी मुलगी. ती रांग कधी मोडत नसे, म्हणून थोरल्या बाईंनी तिला हे नाव दिले होते. ती कपाटापाशी जाऊन उभी राही आणि रडे. ताईने कपाट उघडून तिला चेंडू दिला. मुंगीने तो टाकून दिला. बाकीची पोरे मात्र उघड्या कपाटावर तुटून पडली. ताईने बाहुली दिली, ठोकळे दिले. मुंगीचे आपले एकच.

"माझी पट्टी कुठे गेली?"

"पट्टी? कुठे लागलंय तुला, बाळा?" ताई घाबरली. तिने मलमपट्टीचा डबा आणला आणि खरचटलेले कुठेच दिसेना, म्हणून मुंगीच्या ढोपरावर एक चिकटपट्टी लावली. मग सगळ्यांचीच ढोपरे दुखू लागली. डबा रिकामा झाला, पण मुंगीचे रडणे थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी लाकडी फूटपट्टी घेऊन आल्या. "ही घ्या पट्टी. तीच मागत असेल." फूटपट्टी बघताच सगळा वर्ग चिडीचूप झाला. ती शांतता ताईला नको होती. तिने घाईने फूटपट्टी कपाटावर टाकली, तर मुंगीने भोकाडच पसरले. आणि मी शहाणी मनात म्हणत होते, अग ताई, ती गाण्याची पट्टी म्हणतेय, तू सूर उंच लावलायस. बघा, किती विद्वान मी.

मधल्या सुट्टीत मुले अंगणात गेली की ताई मुलांच्या ठेंगण्या खुर्चीवर बसून भावाला फोन करायची. त्या दिवशी ती म्हणाली,

"दादा, शनिवारी ये मला न्यायला. नाही रे, कुणी काही बोललं नाही. त्यांचं बोलणंच कळत नाही मला. शिकले तेव्हा सगळं सोपं वाटत होतं... एक मुलगी रोज रडते, दादा. मी तिला काय करते तेच समजत नाही. तू ये फक्त."

 थोरल्या बाईंनंतर शाळा चालवायला घेतलेल्या मालकीणबाईंनी आधीच सांगून ठेवले होते, ही गेली तर दुसरी मिळेपर्यंत वर्गाला कुलूप. म्हणजे मी पुन्हा कोपऱ्यात, आणि मुंगी घरी. सतरंजीला हात असते तर मी ताईचा पदर धरला असता.

शुक्रवारी सकाळी मुंगी रडली नाही. त्याचे मला जास्तच वाईट वाटले. ती पालथी पडली, गाल माझ्यावर टेकला आणि कपाटाखालच्या फटीत हात घालून काहीतरी चाचपू लागली. ताईने तिला वर ओढले नाही. तिच्यात तेवढे त्राणच उरले नसावे. ती मुंगीच्या शेजारी तशीच आडवी झाली. आल्यापासून ताईचे फक्त पाय मला माहीत होते. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा गाल मला लागला. तो ओला होता.

"काय गेलंय ग आत?" तिने हळूच विचारले.

"पट्टी."

"कसली पट्टी?"

"माझी. पिवळी. बसायची."

ताईने फटीत पाहिले. मग आपले बोट माझ्या निळ्या पट्ट्यावरून फिरवले. "ही पण पट्टी?"

"ही त्याची. ती तिची," मुंगी म्हणाली. "पिवळीवरचे सगळे मोठ्या शाळेत गेले. मी राहिले."

मित्रांनो, तेव्हा कुठे मला कळले. पट्टी म्हणजे मीच होते! जन्मभर मी ज्यांना पट्टे म्हणत आले त्यांना ही पोरे पट्टी म्हणत होती, आणि थोरल्या बाई रोज माझ्याच नावाने हाक देत होत्या. माझ्याच अंगावर माझी गोष्ट चालू, आणि मला त्याचा पत्ता नाही.

ताई हसत होती की रडत होती ते मला कळले नाही. तिने कपाट रिकामे केले आणि मुलांनी सामान वाहून नेले. तिने आणि मावशींनी मिळून कपाट भिंतीपाशी सरकवले. मग सगळ्या पोरांनी माझी टोके धरून मला असे काही ओढले की उंदराने अर्धवट सोडलेले टोक त्यांनी पुरते फाडले. पिवळी पट्टी दिसताच मुंगी तिच्यावर जाऊन बसली. खूप लांबून घरी आल्यासारखा तिने सुस्कारा टाकला. मग तिने उभ्या असलेल्या ताईकडे पाहिले.

"तुझी पट्टी कुठली?"

 मुंगी थोडी सरकली आणि तिने शेजारची जागा हाताने थोपटली.

शनिवारी दादा आला. त्याचे बूट दारात थांबले. "सामान बांधलंस ना?" त्याने विचारले.

"बूट काढ आणि आत ये," ताई म्हणाली. "तांबड्या पट्टीवर बस. पिवळीवर नको, तिथे आम्ही दोघी बसतो."

"कसली पट्टी?" दादाने आपले ढोपर चाचपले. "मला कुठे लागलंय?"

सगळा वर्ग खिदळला. दादा एकटाच परत गेला.

आता रोज मुलेच मला पसरतात, कधी आडवी, कधी उभी, कधी चक्क वाकडी. म्हणून तर माझे डोके मला सापडत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला झटका, उन्हात घाला, फाटलेले टोक जमले तर शिवा. आणि एखादे लहान मूल तेच तेच मागत रडत असेल, तर त्याला उचलण्याआधी तुम्ही जरा खाली बसा. जागा मी देईन.