नाव विचारायची वेळ

तिने त्या शिकाऊ मुलीची बाही घट्ट धरली आणि विचारलं, “बरं होईल ना हो माझं बाळ? सांगा ना.”

मुलीची दोन बोटं बाहुलीच्या छातीवरून उचलली गेली आणि हवेतच राहिली. एक, दोन, तीन, बाही न सोडता तिने मनातल्या मनात मोजलं. चौथ्याला मुलगी भानावर आली आणि पुन्हा दाबू लागली. तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली, ऑक्सिजनची नळी सुटून लोंबकळली आणि छतातल्या स्पीकरमधून सरांचा आवाज आला, “थांबा. बाळ गेलं. सगळे खाली या.”

सायरन बंद झाला. खिडक्यांच्या जागी लावलेल्या पडद्यांवरचा रस्ता जिथल्या तिथे थिजला. गाडी मुळात कुठे गेलीच नव्हती. खऱ्या रुग्णवाहिकेचा मागचा डबा कापून या हॉलमध्ये चार हलत्या पायांवर बसवला होता. वळणं, उतार, ब्रेक, सगळं बाहेर टेबलाशी बसलेला एकजण बटणं दाबून घडवायचा. त्याला सगळे खड्डेमहाराज म्हणत. आणि तिला, नातेवाईक. रडायचं, मध्ये मध्ये बोलायचं, शिकणाऱ्यांना काम सुचू द्यायचं नाही, हीच तिची नोकरी.

“ताई, जरा कमी रडत जा ना,” खाली उतरताना दुसरा एक शिकाऊ म्हणाला. “मोजणी चुकते आमची.”

“कमी रडले तर सर मला काढतील आणि बाहुलीलाच रडायला शिकवतील.”

“बाहुली ऐकायची नाही,” खड्डेमहाराज म्हणाले. “ती दिवसातून आठदा मरते. तिला आता कशाचंच काही वाटत नाही.”

सगळे हसले. तीही हसली. गेल्या वर्षी अशाच एका डब्यात, खऱ्या रस्त्यावर, ती अशाच बाकावर बसली होती, हे इथे कुणाला माहीत नव्हतं. लेक सात महिन्यांची. कानात फोन अडकवलेला एक माणूस न थांबता लेकीची छाती दाबत होता. पूल लागला तेव्हा त्याने मान वर केली आणि विचारलं, “नाव काय हो बाळाचं?” त्याच्या आवाजात इतकी माया होती की नुसतं नाव सांगून ती थांबलीच नाही. ते कसं सुचलं, नणंदेने कसं नाक मुरडलं, घरात लाडाने काय म्हणतात, सगळं सांगत बसली. तो ऐकत होता. ऐकताना त्याचे हात थांबले होते. हे तिला घरी आल्यावर आठवलं, आणि मग आठवायचं थांबलंच नाही. या नोकरीबद्दल नवऱ्याला तिने ऑफिसचं काम म्हणून सांगितलं होतं. आठ महिने ती इथे प्रत्येकाची बाही ओढून बघत होती, आई बोलली की हात किती वेळ थांबतात.

शिकाऊ मुलीचा चेहरा उतरला होता. “सर, आई सारखी विचारतेय म्हटल्यावर तिच्याशी बोलायचं तरी कधी?”

सरांचं अर्धं आयुष्य रुग्णवाहिकेत गेलं होतं. ते चष्मा पुसत होते. “हात चालू असताना नाही. ‘काम चालू आहे’, एवढंच म्हणायचं. आपल्या कानातल्या फोनवर डॉक्टर असतात. त्यांनी ‘आता थांबा’ म्हटलं, की मग बोलायचं.”

“तेव्हा काय बोलणार, सर?”

“नाव विचारायचं. बाळाचं नाव काय, कुणी ठेवलं. एकदम खरं सांगितलं तर बाई चालत्या गाडीत उठून उभी राहते. माझ्या गाडीचं दारच उघडलं होतं एकीने. नाव सांगायला लागली की बसून राहते. दवाखाना येईपर्यंत पुरतं तेवढं.”

“म्हणजे बाळ तेव्हा...”

“गेलेलं असतं. त्याच्याआधी मला नाव कशाला लागतंय?”

मुलीने ते वहीत लिहून घेतलं.

नातेवाईक झालेली ती बाजूला बाहुलीच्या झबल्याचं बटण लावत होती. लागलेलं बटण तिने काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

“पाणी पिऊन येते,” ती म्हणाली आणि बाहेर व्हरांड्यात आली. नवऱ्याने पहिल्याच रिंगला फोन उचलला. वर्षभर तो पहिल्याच रिंगला उचलत होता.

“काय झालं?”

“काही नाही. त्या दिवशी गाडीत त्या माणसाने मला नाव विचारलं होतं. पुलावर.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तेव्हा ती होती का रे?”

“कुणी सांगितलं तुला?”

“तू सांग.”

“दवाखान्याच्या कागदावर वेळ होती,” तो म्हणाला. “पुलाच्या आधीची. मी स्कूटरवर तुमच्या मागेच होतो ना, मागच्या काचेतून दिसत होतीस. बोलत होतीस काहीतरी. एकदा हसलीस पण. मग नाही दाखवला तो कागद. म्हटलं, तेवढा पूल तरी राहू दे हिच्याकडे.”

तिने कठड्याला टेकून डोळे मिटले. आपल्या बोलण्यानेच त्या पुलावर ते हात थांबले असं ती वर्षभर मानत होती, ते ओठांपर्यंत आलं.

“रागावलीस?”

“नाही,” ती म्हणाली. “बरं केलंस.”

आत नवी तुकडी डब्यात चढली. खड्डेमहाराजांनी सायरन लावला.

“रुग्णवाहिका का गं?” त्याने विचारलं.

“हो. इथूनच चाललीय, खालून.”

“वाट देतायत ना तिला?”

तिने दारातून आत बघितलं. डबा जागच्या जागी हलत होता.

“देतायत,” ती म्हणाली.