रोस्टॉकला जाणाऱ्या गाठींचा छापा

भिवंडीत, निजामपुऱ्यातल्या शाळेत, भूगोलाच्या नकाशाशेजारी, खिळ्याला टांगलेला एक गंजका पत्रा तुम्ही रोज पाहता. तो मी. मी गाठींवर नाव उमटवणारा एक जुना छापा आहे, मित्रांनो. माझ्यावर ज्या देशाचं नाव कोरलं आहे, तो देश आता कोणत्याही नव्या नकाशात सापडणार नाही. तुमच्या वर्गातला नकाशा जुना आहे, म्हणून तिथे तो अजून दिसतो.

माझा जन्म १९८५ साली झाला. गुलाम हुसेन यांचा सोळा लूमचा कारखाना होता. मुंबईच्या एका निर्यात कंपनीनं त्यांना पूर्व जर्मनीच्या फौजेचं काम दिलं. काम साधं होतं. सैनिकांच्या पँटच्या खिशांचं कापड विणायचं. कापड जाड, नेहमीपेक्षा अरुंद आणि किनारीला एक हिरवा दोरा. कापडाच्या गाठी बांधून, वरून किंतान शिवून, त्यावर बंदराचं आणि देशाचं नाव छापायचं. त्यासाठी मी.

पत्रेवाले अब्दुर्रहमान चाचा यांनी मला छिन्नीनं कोरलं. वरच्या ओळीत रोस्टॉक बंदराचं नाव आणि खाली त्या देशाच्या नावाची तीन अक्षरं, डी, डी आणि आर. चाचांना इंग्रजी लिपी येत नव्हती. त्यांनी कागदावरचा नमुना पाहून अक्षरं उतरवली. डी, ओ आणि आर यांच्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन बारीक पट्ट्या ठेवल्या आणि मला सावळारामच्या हाती देताना म्हणाले, "ह्या पट्ट्या संभाळ रे. पट्टी गेली की अक्षर गेलं, नुसतं भोक राहील."

सावळाराम पडघ्याजवळच्या खेड्यातला. गाठी बांधणं आणि त्यांवर मार्का मारणं ही त्याची ड्युटी. तो मला गाठीवर घट्ट दाबायचा, ब्रश काळ्या शाईत बुडवून आधी चिंधीवर टिपायचा आणि मग फिरवायचा. शाई कधी पसरली नाही. काम संपलं की रॉकेलच्या बोळ्यानं मला पुसायचा. कंपनीचे साहेब एकदा गाठी पाहायला आले तेव्हा म्हणाले, "असा स्वच्छ मार्का अख्ख्या भिवंडीत नाही." सावळाराम दोन दिवस ते वाक्य सगळ्यांना ऐकवत होता. ते कौतुक माझं होतं की त्याचं, हे मी कधी विचारलं नाही.

हे काम आमच्याकडे का आलं, ते गुलाम हुसेन यांची धाकटी बहीण अतिया हिनं समजावलं होतं. ती तेव्हा या शाळेत नुकतीच शिकवू लागली होती. तिकडच्या सात देशांनी एकमेकांच्या रक्षणाचा करार केला होता. पूर्व जर्मनी त्यांतला एक. कराराचा मान राखायचा तर फौज मोठी हवी, आणि मोठ्या फौजेला खिसेही पुष्कळ लागतात. गुलाम हुसेन यांना हे फार आवडलं. "म्हणजे सात देश आपल्या लूमवर उभे आहेत," असं ते चहा पिताना म्हणत.

१९८८ साली कंपनीनं सोळाही लूम मागितले. तोवर चार लूम पडघ्याच्या केसरीनाथ यांच्यासाठी लुंगीचं कापड विणत होते. केसरीनाथ बाजारातले छोटे व्यापारी. मंदी असो वा तेजी, वीस वर्षं माल नेत होते. ते स्वतः कारखान्यात आले.

"गुलामभाई, चार नको, दोन लूम तरी ऱ्हाऊ द्या माझे."

"कसे ठेवू, केसरीनाथ? फौजेचं काम आहे. लुंगी वर्षभर टिकते, फौज कायम असते."

"फौजेला खिसा लागतो, गुलामभाई. पन खिशाला आधी फौज लागते."

"तुम्ही लुंगीवाले. लुंगीला खिसाच नसतो, तुम्हाला काय कळणार?"

लूम थांबवून कामगार हसले. केसरीनाथही हसले, पण त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी ते चार लूमही हिरव्या दोऱ्याला लागले. मी तेव्हा खूश होतो, मित्रांनो. मला जास्त गाठी मिळणार होत्या.

१९८९च्या नोव्हेंबरमध्ये त्या देशाच्या राजधानीतली भिंत लोकांनी ओलांडली. मार्च १९९० मध्ये तिथे निवडणूक झाली आणि सरकार बदललं. अतिया वर्तमानपत्र घेऊन कारखान्यात आली.

"भाई, नव्या सरकारला शेजारच्या जर्मनीत मिसळायचंय. ती जर्मनी या सात देशांच्या विरोधातल्या गटात आहे. मग हा करार कसा राहील?"

गुलाम हुसेन यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "अगं, सरकार बदललं म्हणून फौजी काय बिनखिशाची पँट घालणार?"

पुन्हा सगळे हसले. सावळाराम मात्र माझ्यावरची शाई पुसता पुसता थांबला. "शेठ, आमच्या गावचा सरपंच बदलला, तवा अर्ध्यात आलेला रस्ता तिथंच ऱ्हायला. नवा म्हनतो, जुन्याचा रस्ता मी कशाला करू? खडी अजून पडून हाय."

"तो तुझ्या गावचा सरपंच. ही जर्मनीची फौज आहे."

"फौज बी कुनाच्या तरी हुकमानंच चालत आसंल ना?"

"तू मार्का मार, सावळाराम."

सावळारामनं मार्का मारला. मीही उमटलो. पत्र्यावर एकदा कोरलं की ते नाव कायमचं, असं मला वाटत होतं, आणि माझ्याकडे पाहून गुलाम हुसेन यांनाही तसंच वाटत असावं. याचीच मला खंत आहे.

ऑगस्टमध्ये कंपनीची चिठ्ठी आली की माल थांबवा. बावीस गाठी छापून कशेळीच्या गोदामात गेल्या होत्या. २४ सप्टेंबरला तो देश सात देशांच्या करारातून बाहेर पडला. त्यानंतर नऊ दिवसांनी तो देशच राहिला नाही. त्याची फौज मोडली. जे सैनिक उरले, त्यांनी नव्या फौजेचा गणवेश घातला आणि त्या गणवेशाचे खिसे दुसऱ्या कुणीतरी विणले. सैनिक बिनखिशाचे राहिले नाहीत. आम्ही मात्र बिनकामाचे झालो.

कापडाला दुसरं गिऱ्हाईक मिळेना. अरुंद पन्हा आणि हिरवी किनार पाहून व्यापारी हात मागे घेत. शेवटी गुलाम हुसेन एसटीनं पडघ्याला गेले. बरोबर सावळाराम होता आणि त्याच्या पिशवीत मी होतो. केसरीनाथ हो म्हणाले तर माझ्या कडेच्या कोऱ्या जागेत त्यांचा मार्का कोरून घ्यायचा, असा सावळारामचा बेत होता.

केसरीनाथ यांनी गादी झटकून दोघांना बसवलं. चहा मागवला. गुलाम हुसेन म्हणाले, "पुन्हा लुंगी विणतो. चार लूम तुमचे."

केसरीनाथ यांनी हातातली बशी खाली ठेवली. "राग न्हाय, गुलामभाई. पन आता मालेगावचा मानूस माल देतो. तुमी लूम काढून घेतले, तवा तो उभा ऱ्हायला. आज त्याला नको कसं म्हनू? तुमी मला म्हनाला तसं?"

गुलाम हुसेन यांनी चहा संपवला. परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. सावळारामनं पिशवी मांडीवर धरली होती. त्याची बोटं कापडावरून माझी अक्षरं चाचपत होती.

वर्षभरात बारा लूम गेले. चार उरले. त्यांतल्या एकावर गुलाम हुसेन स्वतः शिफ्ट करू लागले. सावळाराम पडघ्याच्या एका गोदामात हमालीला लागला. जाताना त्यानं मला नेहमीसारखं रॉकेलनं पुसलं आणि कशेळीच्या गोदामातल्या त्या बावीस गाठींवर ठेवलं. तिथे मी दोन पावसाळे काढले. गंज चढला आणि मधल्या डीची एक पट्टी तुटली, मग दुसरी. अब्दुर्रहमान चाचा म्हणाले होते तसंच झालं. आज तिथे अक्षर नाही, भोक आहे. गाठी अखेर चिंध्यांच्या भावात गेल्या तेव्हा अतियानं मला मागून घेतलं आणि या खिळ्याला टांगलं.

मागच्या वर्षी, १९९६ साली, गुलाम हुसेन बहिणीचा डबा द्यायला शाळेत आले. केस पिकले होते. मला पाहून ते दारातच थांबले.

"हा अजून ठेवलायस?"

"मुलांना दाखवते, भाई. एक देश कसा गेला ते सांगते."

त्यांनी माझ्या भोकात बोट घातलं, कडेवरून फिरवलं. बोटाला गंज लागला.

"देशाचं नाव नको सांगूस," ते म्हणाले. "केसरीनाथचं सांग."

म्हणून आज सांगितलं, मित्रांनो. दूरच्या राज्यांचे करार तिथलं सरकार ठेवतं आणि तिथलंच सरकार मोडतं. त्यावर तुमचा माझा हात चालत नाही. पण वीस वर्षं दारात येणाऱ्या माणसाशी आपल्याला जोडून ठेवणारी पट्टी आपल्या हातात असते. ती बारीक दिसते. तिच्यावरून हात फिरवत जा. गंज धरला असेल तर वेळेवर पुसा.