बारा जाळ्या आणि सेक्रेटरी

माझे बाबा पुण्यातल्या आमच्या सोसायटीचे बावीस वर्षं सेक्रेटरी होते. तीन महिन्यांसाठी सिंगापूरला माझ्याकडे आले, पण सेक्रेटरीपद काही पुण्यात ठेवून आले नाहीत. लिफ्टचा आवाज, जिन्यातला दिवा, सगळ्यांत त्यांचं लक्ष.

मी इथल्या आंग मो किओ भागातल्या एका चारमजली ऑफिस इमारतीची मॅनेजर. नोकरी प्रोबेशनवर. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, इमारतीला ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट मिळालं तर विनीता पर्मनंट, नाहीतर बॅग भरा. म्हणून मी सगळ्या बारा नळांच्या तोंडाला पाणी वाचवणाऱ्या जाळ्या बसवून घेतल्या होत्या. या जाळीतून पाण्यात हवा मिसळते. हात नीट धुतले जातात, पण मिनिटाला दोनच लिटर पाणी पडतं.

बाबा रोज दुपारी बसने माझा डबा घेऊन यायचे. आम्ही पॅन्ट्रीत जेवायचो आणि मग ते स्वतः डबा धुवायचे. "काय ही धार!" ते रोज म्हणायचे. मी मान डोलवायचे. तिथेच समजावून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मला मेलीला सतत घाई.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी जेवताना म्हणाले, "उद्या पाण्याची तपासणी आहे बाबा. माझी नोकरी त्यावर आहे." एवढं बोलून मी मीटिंगला पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तपासनीस मिस्टर कोह आले. हातात मापाचा जग आणि स्टॉपवॉच. पॅन्ट्रीचा नळ त्यांनी सोडला आणि पाण्याचा असा लोट आला की जग भरून त्यांच्या बाह्या भिजल्या.

"नऊ लिटर," कोह शांतपणे म्हणाले. दुसरा नळ, नऊ. तिसरा, साडेनऊ. मी वाकून पाहिलं तर नळाला जाळीच नाही!

तेवढ्यात बाबा डबा घेऊन दारात हजर. आज नेहमीपेक्षा लवकर. चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा.

"कशी आहे धार?" त्यांनी विचारलं. "सगळ्या जाळ्या चोंदल्या होत्या. तू मीटिंगला गेलीस आणि मी बाराच्या बारा काढल्या. तपासणीला माणूस येणार आणि नळाला प्रेशर नाही म्हणजे नाक कापलं जाणार! लेडीज टॉयलेटमध्येसुद्धा दार वाजवून, विचारून गेलो हो."

"बाबा, धार बारीकच हवी होती!" मी ओरडले. इतकी चिडले होते की मला रडू फुटलं. "कमी पाण्याचंच सर्टिफिकेट असतं!"

बाबांचा चेहरा पडला. आपण मुलीच्या नोकरीवर पाणी फिरवलं हे त्यांना कळलं. ते पुटपुटले, "असं असेल तर आमच्या सोसायटीला केव्हाच सर्टिफिकेट मिळायला हवं होतं."

मग त्यांनी डब्याचा खालचा कप्पा उघडला. आत व्हिनेगरमध्ये भिजवून टूथब्रशने घासलेल्या बारा चकचकीत जाळ्या. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: 'पहिला मजला, पॅन्ट्री', 'तिसरा मजला, लेडीज'. पिशवीतून त्यांनी पानाही काढला.

मी कोहना खरं ते सगळं सांगितलं. दुसरं काही सुचतच नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि खास सिंगापुरी इंग्रजीत होकार दिला. "कॅन लाह. आय गो ईट फर्स्ट. वन अवर."

त्या तासात आम्ही चार मजले पालथे घातले. मी चिठ्ठ्या वाचत होते, बाबा जाळ्या आवळत होते. सत्तर वर्षांचा माणूस, पण एकदाही थांबला नाही.

कोह परतले. पहिला नळ, दोन लिटर. दुसरा, दोन. बाराही नळ, नेमके दोन. त्यांनी फॉर्म काढला आणि शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं. "जाळ्यांची देखभाल कोण करतं? व्हेरी क्लीन."

मी बाबांकडे पाहिलं. ते खाली मान घालून पाना पुसत होते. सकाळपासूनचा माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

"माय फादर," मी म्हणाले आणि त्यांचं पूर्ण नाव सांगितलं.

बाबांनी मान वर केली. घसा साफ केला.

"विनीता," ते हळूच म्हणाले, "नावापुढे सेक्रेटरी लिहायला सांग."