पास केलेले ड्रम

कुंड्या मातीच्याच घ्यायच्या, असं वहिनीचं आणि माझं ठरलं होतं. दादाने ते चहा पिता पिता मोडीत काढलं.

"मातीची कुंडी सगळं पाणी स्वतःच पिते. झाडाला काय उरणार, तुमचं प्रेम?"

काचघर वहिनीसाठी होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला टेकवून दादाने जुन्या खिडक्यांच्या चौकटी जोडल्या होत्या आणि वर जाड प्लास्टिक ताणलं होतं. दोन माणसं आत गेली तर तिसऱ्याने बाहेरूनच बोलावं, एवढीच जागा. वहिनीला दिवस गेले होते. आधीची दोन टिकली नव्हती, म्हणून डॉक्टरने तिला घरी बसवलं होतं, आणि नुसतं बसणं वहिनीला कधी जमलेलं नाही. तिने पोछा मारायला घेतला की दादा तिच्या हातून फडकं काढून घ्यायचा. शेवटी टोमॅटोवर दोघांचं जमलं.

आम्ही दोघींनी त्यासाठी बाजार पालथा घातला होता. रंगाच्या रिकाम्या बादल्या पाहिल्या. त्या अरुंद होत्या, दोन महिन्यांत मुळांची आतल्या आत वेणी झाली असती. कापडी पिशव्या पाहिल्या. त्यात मुळांना हवा छान मिळते, पण झाड वरून जड झालं की पिशवी लोळण घेते, मग रोज तिला दारुड्यासारखं उचलून भिंतीला टेकवा. टोमॅटोला खोली लागते, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल इतकी. मातीची मोठी कुंडी त्यात बसत होती. काचघरात ती लवकर सुकते हे खरं, पण पाणी घालायला वहिनी घरातच होती.

"माझ्याकडे ड्रम आहेत," दादा म्हणाला. "निळे. मधोमध कापले की एकाचे दोन टब. खाली भोकं पाडतो. ओल टिकते, उलथत नाहीत, आणि माझ्या हातून पास झालेले आहेत."

दादा कामाला होता तिथे लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावायचं औषध बनायचं. औषधच म्हणायचे सगळे. विष म्हटलं असतं तर त्याच हाताने जेवणाचा डबा कोण उघडणार होतं? त्याचा मूळ अर्क ड्रममधून यायचा. रिकामा झालेला ड्रम सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचा, पालथा घालून वाळवायचा, आणि मग दादापुढे आणायचा. दादा त्यात खांद्यापर्यंत डोकं घालून वास घ्यायचा. वास आला तर ड्रम परत धुवायला, नाही आला तर खडूची खूण. ना यंत्र, ना काही. तपासणी म्हणजे आमच्या दादाचं नाक. कारखान्यात त्याला नाकवाला म्हणत आणि तो त्यावर खूश असायचा. खूण झालेले ड्रम कामगारांनी घरी न्यायचे, ही मालकाची मेहेरबानी. असले ड्रम रीतसर निकालात काढायचा खर्च वाचायचा मालकाचा, आणि उपकार व्हायचे आमच्यावर. आमच्या गल्लीत घरटी एक तरी निळा ड्रम होता. कुणी त्यात कोळसा ठेवायचं, कुणी भाजी लावायचं.

तर ड्रम आले. आमच्या शेजारी राहणाऱ्या, कारखान्याच्याच ड्रायव्हरने टेम्पोतून आणून टाकले. दादाने करवतीने ते कापले, कडा घासल्या, भोकं पाडली, तळाला विटांचे तुकडे घातले. वहिनीने माती कालवली. रोपं लावली तेव्हा ती जेमतेम बोटभर होती.

ती वाढली. मी तोवर इतकी निरोगी झाडं पाहिली नव्हती. पानावर भोक नाही, मागे पांढरी माशी नाही, फांदीवर मावा नाही. काचघराच्या दाराशी मुंग्यांची रांग यायची आणि उंबऱ्यावरून वळून भिंतीकडे जायची. आधी तिथे विटांखाली गांडुळं निघायची, ती दिसेनाशी झाली. ड्रायव्हरची बायको बघायला आली आणि म्हणाली, "माझ्या ड्रममध्येही असंच असतं हो, किडा म्हणून लागत नाही. नाकवाल्या भाऊजींच्या हाताला गुण आहे." दादा नुसता हसला.

वहिनी मात्र दुपारी आत जायचं टाळायला लागली.

"वास येतो," ती म्हणाली. "डोक्यात जातो."

"हिला हल्ली साबणाचाही वास येतो," दादा म्हणाला. "परवा माझाच येत होता. मी काय नवीन आहे का घरात?"

आम्ही हसलो. पोटुशी बाईच्या नाकावर कोण विश्वास ठेवणार?

मी लाँड्रीत इस्त्री करते. ड्रायक्लीनचा कोट थंड असताना हुंगला तर काही कळत नाही. गरम इस्त्री फिरली की कापडात दडलेलं सगळं वर येतं आणि डोळे झोंबतात. काचघराचं तेच होतं. सकाळी आत फक्त पानांचा हिरवा वास असायचा. सुट्टीच्या दिवशी भर उन्हात मी दार उघडलं आणि तो दुसरा वास आला. गोडसर, तेलकट, जिभेच्या मागे जाऊन बसणारा. दादाच्या कामाच्या कपड्यांना यायचा तोच. मी वाकून टबाच्या निळ्या कडेला नाक लावलं. प्लास्टिक तापलं होतं आणि वास त्यातून येत होता.

मी दादाला ओढत आणलं. तो टबावर वाकला, डोळे मिटले, कारखान्यात घेत असेल तसाच लांब श्वास घेतला.

"काही नाही," तो म्हणाला.

"दादा, मला इथे उभं राहवत नाहीये."

"तू दिवसभर वाफेत उभी असतेस, चिमणे. तुझं नाक आहे का जागेवर? हे माझं काम आहे. मी पास केलाय म्हणजे केलाय."

त्याचं कामच ते होतं. ड्रमवर शंका घेणं म्हणजे त्याच्या आयुष्याच्या कमाईवर थुंकणं, आणि ते मला जमलं नाही. खालच्या घोसातले टोमॅटो तेव्हा पांढुरके झाले होते, आता गुलाबी होणार होते. वहिनी सारखी म्हणायची, पहिला टोमॅटो मी झाडावरूनच खाणार, मीठसुद्धा नको.

पुढच्या रविवारी वहिनी पलीकडे ड्रायव्हरकडे गेली होती. मी बाजारातून आले. पुढचं दार उघडलं आणि गॅसचा भपकारा अंगावर आला. स्वयंपाकघरात दादा टेबलाशी बसून कांदा चिरत होता. शेगडीचं बटण पूर्ण फिरलेलं होतं, वर पातेलं, खाली आग नाही. त्याने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि लायटर उचलला.

मी त्याच्या मनगटावर पिशवीच हाणली. लायटर सिंकमध्ये पडला. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्याला दंडाला धरून अंगणात काढलं. तो मनगट चोळत, मलाच वेड लागलंय असा माझ्याकडे बघत होता.

"काय झालं तरी काय?"

"घर गॅसने भरलंय, दादा."

त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. बहिरा माणूस दुसऱ्याच्या ओठांकडे बघतो तसं.

"सर्दी झालीये मला," तो म्हणाला.

"तुझं नाक कोरडं आहे."

तो पायरीवर बसला. माझ्या चपलांकडे बघत बोलला.

"तिथे सगळ्यांचंच जातं हळूहळू. कुणी बोलत नाही."

"मग ड्रम कसे पास करतोस?"

"धुणारे चांगले धुतात. मी डोकं घालतो, जरा थांबतो, खूण करतो. कधीमधी एखादा परत पाठवतो, नाहीतर संशय येईल."

"वास न घेता परत पाठवतोस?"

"असाच. मनाला येईल तो."

ज्या ड्रममध्ये वहिनीचा टोमॅटो पिकत होता, तो पास होता कारण त्या दिवशी परत पाठवायला याच्या मनाला दुसरा कुठला तरी ड्रम आला होता.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "नाक गेलं तर मी तिथे कोण? झाडूवाला म्हणूनही ठेवणार नाहीत. आणि बाळ येणार आहे घरात."

"बाळासाठीच सांगतेय. आजच्या आज झाडं उपट."

तो तयार झाला. वहिनीला सांगायचं की मुळं सडली. ड्रम तो परत कारखान्यात नेऊन टाकेल. आणि गल्लीतले बाकीचे ड्रम? तेवढं मी विचारलं तेव्हा तो उठला आणि फावडं आणायला गेला.

वहिनी परत आली तेव्हा अर्धी झाडं जमिनीवर पडली होती. हिरव्या-गुलाबी टोमॅटोंचे घोस त्यांना तसेच लटकत होते. ती दारात थबकली.

"हे काय चाललंय?"

"मुळं सडली," दादा म्हणाला. "रोग आहे."

"काल तर धडधाकट होती. बघू मुळं."

"हात लावू नकोस," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मुळं पांढरीशुभ्र होती आणि ती काही आंधळी नव्हती.

तेवढ्यात मागच्या फाटकातून ड्रायव्हरची बायको आली. हातात वाडगा, त्यात लालबुंद टोमॅटो. "अगं, बोलण्याच्या नादात द्यायचेच राहिले," ती वहिनीला म्हणाली. "आजच तोडलेत. आणि भाऊजी, हे काय, झाडांवर राग काढताय की बायकोवर?"

वहिनीचे डोळे भरले होते. तिने वाडग्यातला एक टोमॅटो उचलला, बाहीला पुसला. दादाचं फावडं थांबलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. बोल, मी मनात म्हणत होते, तुझी बायको आहे, बोल.

"नको खाऊस," तो म्हणाला. "आंबटाने पित्त होतं तुला."

ड्रायव्हरची बायको खळखळून हसली. "घ्या, आता पोटुशीला आंबट नको म्हणे. पुरुषांना काय कळतंय? खा गं तू."

वहिनीने टोमॅटो तोंडाशी नेला. दादा पुन्हा वाकून माती खणायला लागला.

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि टोमॅटो काढून घेतला.

"दादाला वास येत नाही," मी म्हणाले. "कशाचाच. त्याच्यापुढे गॅस सुरू होता, त्याला कळलं नाही. हे ड्रम तपासलेलेच नाहीत. तुमचेही नाहीत, कुणाचेच नाहीत. त्यात अजून औषध आहे, उन्हाने तापलं की येतं बाहेर. म्हणून किडा लागत नाही."

"काहीतरीच," ड्रायव्हरची बायको म्हणाली. ती अजून हसतच होती, हसू तोंडावरून काढायचं राहून गेलं होतं. "भाऊजी?"

दादाने फावडं मातीत रोवलं आणि दांड्यावर दोन्ही हात ठेवले. मला वाटलं, हा आता मला खोटं पाडेल. पाडलं असतं तर तिने त्याचंच ऐकलं असतं.

"खरं आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तुम्ही गल्लीत राहायला यायच्या आधीपासून."

तिने हातातल्या वाडग्याकडे पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात, घरातली एखादी गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "माझी धाकटी या टोमॅटोंवरच जगते. शाळेतून आली की आधी टोमॅटो, मग दप्तर उतरवते. पोट दुखतं तिचं सारखं. मी म्हणते, नाटकं करते, अभ्यास टाळते." तिने वाडगा विटांवर ठेवला. "आजीकडे गेली होती ती आज. आली असेल एव्हाना."

ती वळली आणि पळाली. फाटक उघडंच राहिलं.

वहिनी नळाशी गेली आणि हात धुवायला लागली, कोपरापर्यंत. दादा तिच्या मागे उभा राहिला, पण त्याने तिला हात लावला नाही.

"मी सांगितलं होतं वास येतोय," ती पाठमोरीच म्हणाली. "तुम्ही हसलात."

त्याने काहीतरी उत्तर दिलं, ते पाण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. भिंतीपलीकडून ड्रायव्हरच्या बायकोने मुलीला हाक मारली. जरा थांबून पुन्हा मारली, जास्त मोठ्याने.